आधी नावं, मग दगड : गावातल्या महायुद्धातल्या जवानांची यादी आणि स्मृतिशिला कशी करावी

बहुतेक गावांत हे काम उलट्या टोकानं सुरू होतं. अनावरणाची तारीख ठरते, पाहुणे ठरतात, मंडपवाल्याला सुपारी जाते. मग कार्यक्रमाला तीन आठवडे उरले की कुणीतरी विचारतं, "नावं किती हायत आपली?" रात्री तालमीत बसून यादी होते. ज्याला जे आठवेल ते नाव कागदावर येतं आणि दुसऱ्या दिवशी कागद पाथरवटाकडे जातो. आमच्याच कोल्हापूर भागातल्या एका गावात असा एक जवान दगडावर दोनदा आलाय, एकदा घरच्या नावानं आणि एकदा पलटणीतल्या नावानं. त्याच दगडावर चौथं नाव आहे ते लढाईहून धडधाकट परत येऊन पुढं वीस वर्षं शेती केलेल्या माणसाचं. दगडावर खाडाखोड होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : व्याख्या, गावातल्या खुणा, घरोघरची माहिती, कागद, जुळवणी, हरकती, ठराव, आणि शेवटी दगड. सगळं धरून वर्षभर लागतं. एप्रिल-मे महिन्यात सुरू केलेलं बरं, कारण जत्रा आणि सुट्टीला मुंबई-पुण्याची माणसं गावात असतात. पावसाळ्यात कागदपत्रं बघा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कच्ची यादी वाचा, २६ जानेवारीला पक्की करा आणि फेब्रुवारी-मार्चात दगडाचं काम घ्या. गळीत हंगामात कुणालाही बैठकीला बोलावू नका, कोणी येत नाही.

टप्पा १ : कोणाला धरायचं ते लिहून काढा

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढची निम्मी भांडणं त्यातूनच निघतात. पहिल्याच बैठकीत अर्ध्या पानाचा मजकूर लिहून सह्या घ्या : कोणतं युद्ध, कोणता काळ, कोणती माणसं.

युद्धकबरींची निगा राखणारा कॉमनवेल्थ आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरतो. लढाई थांबल्यावरही माणसं जखमांनी, आजारानं, परतीच्या वाटेवर मेली, म्हणून काळ पुढपर्यंत ओढलेला आहे. हाच काळ घ्या. आपला वेगळा काळ ठरवलात तर नोंदींशी मेळ बसणार नाही.

"लढाईत मेला" याचा अर्थ फक्त गोळी लागून मेला असा करू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कॉलरा, ताप, उष्माघात आणि उपासमारीनं असंख्य माणसं गेली. कूत-अल-अमारा २९ एप्रिल १९१६ रोजी पडलं तेव्हा वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यातले कितीतरी जण पुढं कैदेत गेले. सेवेत असताना मृत्यू आला की नाव यादीत, मग कारण काहीही असो.

खेचरवाले, भिस्ती, आचारी, मजूर तुकड्यांतले लोक यांनाही धरायचं. सरकारी कागदात त्यांचा हुद्दा 'फॉलोअर' असा येतो आणि गावात "तो काय शिपाई नव्हता" म्हणून त्यांची बोळवण होते. आयोगाच्या यादीत ते शिपायाच्या बरोबरीनं आहेत. तुमच्याही यादीत तसेच असू द्या.

दोन गोष्टी वेगळ्या काढा. सिंगापुरात पकडला जाऊन पुढं आझाद हिंद सेनेत गेलेला कोणी असेल तर त्याचं काय करायचं ते ग्रामसभेला ठरवू द्या, गुपचूप कुठल्यातरी ओळीत घुसडू नका. १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलचे जवान यांच्यासाठी वेगळा फलक ठेवा. ते नातेवाईक समोर बसलेले असतात, त्यामुळे मागणी होणारच. पण एकाच दगडावर सगळं आणलं की शंभर वर्षांपूर्वीची माणसं पुन्हा तळाला जातात.

तपासा : वहीत तीन याद्यांची पानं आखली का? परत न आलेले, परत आलेले आणि शंकेतले. सुरुवातीला प्रत्येक नाव शंकेतल्या यादीत जातं.

टप्पा २ : गावात जे आहे ते हलवू नका, टिपून घ्या

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं अनेक गावांत संगमरवराची लहान पाटी बसवली होती. अमुक गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. चावडी, जुनी शाळा, देवळाची ओवरी, वेशीची भिंत अशा जागा बघा. चुन्याचे किंवा ऑइलपेंटचे पाच-सहा थर बसलेले असतील तर मजकूर दिसणार नाही, फक्त चौकोन हाताला लागेल.

या पाटीवर नावं नसतात, आकडा असतो. पण तो आकडा सोन्यासारखा आहे. पाटी म्हणते बारा मेले आणि तुमच्या यादीत एकवीस नावं, तर कुठंतरी परत आलेले घुसलेत. पाटी बारा म्हणते आणि तुम्हाला चारच सापडले, तर अजून फिरायचं बाकी आहे. आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे असंही नाही. पाटीसाठी मोजणी करताना वाड्या धरल्या होत्या की नाही, हे गावागणिक बदलतं.

वाचण्यासाठी छिन्नी, वायरचा ब्रश किंवा ॲसिड लावू नका. सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा, किंवा अंधारात टॉर्च बाजूनं धरा. अक्षरांच्या सावल्या पडल्या की मजकूर वाचता येतो. फोटो सरळ समोरून, शेजारी फूटपट्टी धरून, आणि आजूबाजूच्या भिंतीसकट एक लांबून, असे तीन तरी हवेत. शाळा पाडून नवी बांधायचं चाललं असेल तर आजच जाऊन फोटो काढा.

घरांत मिळणाऱ्या वस्तूंमध्ये पदक सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या काठासारख्या भागावर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक पदकाचा पुढचा-मागचा फोटो पाठवतात आणि काठ विसरतात. काठ थोडा थोडा फिरवत पाच-सहा फोटो घ्या. काही घरांत सुमारे बारा सेंटीमीटर व्यासाची काशाची जाड तबकडी असते. तिच्यावर हातात पानांचं कडं धरलेली बाई, सिंह आणि चौकटीत एक नाव असतं. ती मृताच्या वारसाला मिळालेली असल्यानं त्या घरातला माणूस परत आला नव्हता, एवढं तिच्यावरून कळतं. तिच्यावर हुद्दा किंवा नंबर मात्र नसतो. काही ठिकाणी ही तबकडी देव्हाऱ्यात असते आणि दर सणाला घासली जाते.

खबरदार : पदक किंवा तबकडी चिंच, लिंबू, पितांबरी लावून घासू देऊ नका. काठावरची अक्षरं आधीच उथळ असतात. "फोटोआधी जरा चकचकीत करतो" म्हणणाऱ्या नातवाला तिथंच थांबवा. वस्तू घरच्यांकडेच राहू द्या. समितीच्या कपाटात जमा करून घ्यायची हौस असते, पण नंतर हिशेब देताना नाकी नऊ येतात.

टप्पा ३ : घरोघर फिरणं

दोघांनी जावं, त्यातली एक बाई असावी. जुन्या घरांत ही गोष्ट सासूकडून सुनेकडे आलेली असते आणि ती पुरुषमंडळींसमोर निघत नाही.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "तुमच्या घरात पहिल्या महायुद्धात कोणी शहीद झालं का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येईल. "जर्मनच्या लढाईला कोण गेलं हुतं का?" असं विचारा. "बसऱ्याला कोण गेलं?" विचारा. बगदाद, मिसर, फ्रान्स, आणि दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रह्मदेश, इटली, आफ्रिका ही नावं घेऊन बघा. "लढाईला गेला आन् मनिऑर्डर यायची बंद झाली," असं एखाद्या आजीला आठवत असेल, तर तेवढ्यावरून काळाचा अंदाज येतो.

विचारायच्या गोष्टी : पूर्ण नाव आणि घरातलं हाक मारायचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, लग्न झालं होतं का, बायकोचं माहेर, भाऊ किती, गेल्यानंतर जमीन कुणाच्या नावावर चढली, पेन्शन किंवा जंगी इनाम मिळालं का, कुठं सही-अंगठा करायला जावं लागायचं.

बायकोचं माहेर विचारायला विसरू नका. तरुण विधवा बऱ्याचदा माहेरी परतली किंवा तिचा पाट लागला, आणि पदक, चिठ्ठ्या, पेन्शनचं पुस्तक तिच्याबरोबर दुसऱ्या गावाला गेलं. तुमच्या गावातल्या भावकीकडे त्यामुळं काहीच नसतं. पाटाचा विषय काही घरांत अजून नाजूक आहे. चारचौघांत विचारू नका.

सगळ्या वस्त्यांत जा. मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. महार समाजातले जवान पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभ्या राहिलेल्या १११ महार पलटणीत, आणि दुसऱ्यात १९४१ च्या महार रेजिमेंटमध्ये सापडतील. मुंबई सॅपर्समध्ये (लष्करी अभियंते), पायोनियर (रस्ते-खंदकांचं काम करणाऱ्या) पलटणींत, सप्लाय कोअरमध्येही (रसद पुरवणारं दल) माणसं गेली. पाटलाच्या वाड्यावर बसून केलेल्या यादीत एकाच आळीची नावं येतात, आणि मग वर्षभरानं कुणीतरी विचारतं, "आमचा आज्जा का न्हाई?"

तपासा : प्रत्येक नावापुढं ही माहिती कोणी दिली, कोणत्या तारखेला दिली, आणि त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, हे लिहिलंय का? दोन वेगळ्या घरांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं तर नावावर एक टिंब द्या.

टप्पा ४ : कागद

गावाजवळचे कागद आधी. तलाठ्याकडचा आणि तहसीलमधला जुना फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारस नोंदीचा ६ क हे दोन बघा. जमीनदार घरातला माणूस परदेशात मेला की कधी ना कधी वारसाची नोंद झालेली असते. कधी शेऱ्यात कारणही मिळतं. नोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख समजू नका, वारस लागायला पाच-दहा वर्षं सहज जात.

गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरात, नमुना १४ मध्ये, माणसं खूप वेळ घालवतात आणि हात हलवत परत येतात. परमुलखात मेलेल्याची नोंद गावच्या रजिस्टरात सहसा नसतेच. उलट उपयोग मात्र करा. एखाद्याचं नाव तिथं १९३० साली मयत म्हणून दिसलं, तर तो लढाईहून परत आला होता. परत आलेल्यांची नावं गाळायला या रजिस्टराइतकं चांगलं दुसरं काही नाही.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानाचं दप्तर आहे आणि त्यातलं बरंच मोडीत आहे. जाताना मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. कोल्हापुरात तो शोधायला फार फिरावं लागत नाही. गावाचं नाव, तालुका आणि साधारण सालं लिहून न्या. "आमच्या गावाचं सगळं दाखवा" म्हणून दप्तर उघडत नाही.

सरहद्दींचं भान ठेवा. आजचा कोल्हापूर जिल्हा तेव्हा नव्हता. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळं तिकडचे जवान 'बेळगाव' खाली सापडतात. कुरुंदवाड वेगळं संस्थान. आजरा इचलकरंजी जहागिरीत. कागल, विशाळगड, बावडा याही जहागिरी. गाव कोणाच्या अमलाखाली होतं हे ठाऊक नसेल तर चुकीच्या दप्तरात आठवडे जातात.

पलटणीच्या कागदांसाठी मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मार्फत किंवा त्यांच्या सल्ल्यानं पत्र पाठवा. पत्रात जवानाचा पलटणीतला नंबर, नाव, बापाचं नाव, गाव आणि पलटण असावी. नुसतं "आमच्या गावातले शहीद कळवा" असं लिहिलेल्या पत्राला उत्तर न येण्यात त्यांची चूक नाही. म्हणून हे पत्र पाचव्या टप्प्यानंतर, नंबर हाताशी आल्यावर टाका.

खबरदार : लाहोरच्या संग्रहालयात सापडलेली पहिल्या महायुद्धाची रजिस्टरं आता बघायला मिळतात, ती पंजाबची आहेत. कोल्हापूरचं गाव त्यात शोधू नका.

टप्पा ५ : कॉमनवेल्थ आयोगाच्या यादीत शोध

यादी इंटरनेटवर फुकट आहे. अवघड आहे ते इंग्रजी स्पेलिंग. कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं, आणि तो कारकून बहुधा मराठी नव्हता.

नावानं सुरू करू नका, गावानं करा. शोधाच्या फॉर्ममध्ये 'जादा माहिती' असा एक रकाना आहे. मृताच्या नोंदीत अमुकचा मुलगा, अमुक गावचा, अमुक तालुका, कोल्हापूर, असा मजकूर असतो, तो या रकान्यातून सापडतो. सोबत भारतीय सैन्य आणि युद्ध निवडा. आधी तालुक्याचं नाव टाका, मग गावाचं, मग गावाच्या नावाचे तीन-चार अवतार.

अवतार कसे करायचे? 'व' साठी इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू दोन्ही. शेवटचा 'ए' कधी असतो, कधी नसतो. 'ळ' चा 'ल' होतो, कधी 'र' सुद्धा. 'ई' साठी दोन 'ई' किंवा एक 'आय'. 'ऊ' साठी दोन 'ओ' किंवा 'यू'. कोल्हापूरचं 'कोल्हापोर' आणि 'कोलापोर' होतं. हातकणंगले आणि गडहिंग्लज यांचे किती तुकडे झालेत ते स्वतः बघाल. आडनावात पवार, पोवार, पुवार एकच समजा. भोसले आणि भोंसले एकच. जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ.

पहिल्या महायुद्धातल्या कित्येक नोंदींत आडनावच नाही. नुसतं 'रामा' किंवा 'धोंडी', आणि पुढं बापाचं नाव. म्हणून आडनावानं शोधणारा रिकाम्या हातानं उठतो आणि "आपल्या गावाचं काय नाही त्यात" म्हणून सांगत सुटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी जरा भरलेल्या असतात, बायकोचं नावही बऱ्याचदा मिळतं.

मिळालेली यादी संगणकावर उतरवून घेता येते. प्रत्येक नोंदीचा नंबर वहीत घ्या.

स्मारकांची नावं वाचताना गोंधळ होतो, तो इथंच मिटवू. मेसोपोटेमियातल्या ज्यांची कबर नाही ते बसरा स्मारकावर, फ्रान्स-बेल्जियममधले नव्ह-शापेल स्मारकावर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातले रंगून स्मारकावर, इटलीतले कॅसिनो स्मारकावर किंवा सांग्रो नदीजवळच्या दहनस्मारकावर, इरिट्रियातले केरेनला. इंडिया गेट सत्तर हजारांहून जास्त भारतीय जवानांचं स्मारक आहे खरं, पण कोरलेली नावं सुमारे तेरा हजार आणि ती प्रामुख्यानं वायव्य सरहद्दीवर मेलेल्यांची. दिल्लीला जाऊन बसऱ्याचा जवान भिंतीवर शोधण्यात अर्थ नाही.

बसरा स्मारकाबद्दल एक गोष्ट समितीतल्या प्रत्येकाला सांगा. तिथं चाळीस हजारांहून जास्त लोकांचं स्मरण आहे, पण भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरलीच नव्हती. पलटणीचं नाव आणि संख्या कोरली, नावं रजिस्टरात ठेवली. आयोगाच्या नोंदीत फलकाचा क्रमांक दिसतो म्हणून तिथं नाव आहे असं समजू नका. तुमच्या गावचा एखादा धोंडी किंवा बाबू दगडावर येईल तो बहुधा पहिल्यांदाच येईल. त्याच्या नावातली वेलांटी बरोबर असावी यासाठी एवढा खटाटोप आहे.

टप्पा ६ : जुळवणी

आता एका बाजूला घरांतून आलेली नावं, दुसऱ्या बाजूला नोंदी. जुळणी धरण्यासाठी चारपैकी तीन गोष्टी पटल्या पाहिजेत : नाव, बापाचं नाव, गाव-तालुका, आणि पलटण किंवा मृत्यूचा काळ. दोनच पटल्या तर शंकेत ठेवा.

गावांची नावं फसवतात. निगवे दुमाला आणि निगवे खालसा ही दोन गावं. शिरोली पुलाची हातकणंगल्यात, शिरोली दुमाला करवीरमध्ये. कसबा वाळवे राधानगरीत आणि वाळवा तिकडं सांगली जिल्ह्यात. नोंदीत नुसतं 'शिरोली, कोल्हापूर' असेल तर दुसऱ्या गावच्या सरपंचाला फोन करा. एकच जवान दोन गावांनी आपापल्या दगडावर कोरल्याची वेळ येऊ देऊ नका.

काळ आणि पलटण एकमेकांवर घासून बघा. १९२२ साली मराठा पलटणींचे जुने क्रमांक बदलले : १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. ११४ चं प्रशिक्षण बटालियनमध्ये रूपांतर झालं. म्हणून "आज्जा ११० मराठ्यात होता आणि इटलीत गेला" हे वाक्य कुठंतरी चुकलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात तिसरी बटालियन १९४१ ला केरेनला आणि नंतर इटलीत होती, दुसरी जून १९४२ ला लिबियातल्या तोब्रुकमध्ये शत्रूच्या हाती सापडली, चौथी मार्च १९४४ ला मणिपुरातल्या सांगशाकला लढली. घरच्यांनी सांगितलेली जागा आणि साल याच्याशी मुळीच जुळत नसेल, तर बटालियन चुकीची धरली आहे किंवा माणूस दुसराच आहे.

ज्याची आयोगाकडे नोंद सापडत नाही तो खोटा असं ठरवू नका. आयोगानं स्वतःच २०२१ च्या अहवालात कबूल केलंय की पहिल्या महायुद्धातल्या एक लाखाहून जास्त लोकांचं नावानिशी किंवा मुळीच स्मरण झालेलं नाही. पदक, तबकडी, पेन्शनचा कागद यांपैकी एक असेल आणि परत आल्याचा काही पुरावा नसेल, तर नाव घ्या. नुसतं ऐकीव असेल तर वहीत ठेवा, दगडावर नको. हा निर्णय कडू वाटतो. त्या घरी समितीतल्या वडीलधाऱ्यानं स्वतः जाऊन सांगावं.

टप्पा ७ : कच्ची यादी चावडीवर

यादी छापा आणि ग्रामपंचायत, दूध संस्था, विकास सोसायटी, देऊळ, मशीद, समाजमंदिर इथं लावा. मोबाइलवरही फिरवा, म्हणजे ठाण्या-मुंबईला असलेली भावकी बघेल. किमान सहा आठवडे ठेवा. यादीच्या वर ठळक लिहा : ही कच्ची यादी आहे, दुरुस्ती लेखी द्यावी.

हरकती तोंडी घेऊ नका. एक वही ठेवा, तारीख आणि सही घ्या. ज्या नावावर हरकत नाही तेही घरच्यांच्या सहीनं मंजूर करून घ्या, विशेषतः मराठी लेखन. कांबळे की कांबळी, लक्ष्मण की लखमन, हे घरच्यांनी ठरवायचं. फक्त एक अट : नोंदीत आडनाव नसेल आणि घरही सापडलं नसेल, तर आडनाव आपल्या मनानं लावायचं नाही. 'रामा, धोंडी यांचा मुलगा' असंच कोरा.

तपासा : यादीतलं प्रत्येक नाव दोन माणसांनी मोठ्यानं वाचून, तिसऱ्यानं अक्षर-अक्षर ताडून बघितलं का? हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एकाच बैठकीत तीनदा वाचलं की डोळ्यांना चूक दिसेनाशी होते.

टप्पा ८ : ठराव आणि जागा

ग्रामसभेच्या ठरावात संपूर्ण यादी, कोरायचा मजकूर, जागेचं वर्णन आणि देखभाल कोणी करायची हे चारही लिहून घ्या. जागा ग्रामपंचायतीचीच आहे याचा उतारा काढा. रस्त्याकडेची जागा बांधकाम विभागाची निघते, शाळेचं आवार जिल्हा परिषदेचं. दोन्हीकडे लेखी परवानगी लागते. पुतळा बसवायचा विचार असेल तर शासनाच्या परवानगीची वेगळी वाट आहे आणि ती लांब आहे. साधी शिळा बसवा.

पूररेषा विसरू नका. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांनी त्या खुणेच्या वरच जागा घ्यावी. चौक सोयीचा वाटतो, पण ट्रॉलीच्या धक्क्यानं दोन वर्षांत कोपरा उडतो आणि निवडणुकीत त्यावर पत्रकं चिकटतात.

टप्पा ९ : मजकूर आणि दगड

वरचा मजकूर दोन ओळींत बसवा : गावाचं नाव, युद्धाची सालं, आणि 'सेवेत असताना मृत्यू पावलेले' किंवा 'कामी आलेले'. 'धारातीर्थी पडले' हे शब्द तापानं कैदेत मेलेल्याला लागू होत नाहीत, आणि यादीत असे बरेच असतील. 'शहीद', 'हुतात्मा', 'वीर' यांवरून होणारा वाद टाळायचा तर हे साधे शब्द बरे.

नावं वर्णमालेच्या क्रमानं. हुद्द्यानं लावलीत की सुभेदार वर आणि खेचरवाला तळाला जातो. देणगीनं लावलीत तर काय होतं ते सांगायला नको. जात, आळी, 'कै.' काहीही नको. प्रत्येक नावापुढं पलटण आणि मृत्यूचं साल पुरेसं आहे. सालाची खात्री नसेल तर ते सोडा.

दगड म्हणून काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट. पश्चिमेकडच्या तालुक्यांत जांभा हाताशी असतो, चौथऱ्याला तो ठीक, पण त्यावर अक्षर धरत नाही. संगमरवर आपल्या पावसात काळवंडतो. अक्षरं खोल कोरून घ्या, नुसती रंगवलेली किंवा चिकटवलेली नकोत. गगनबावडा-राधानगरीकडं शेवाळ हमखास येतं, तेव्हा दगडाला मागं किंचित झुकाव द्या आणि माथ्यावर पाणी थांबू देऊ नका.

कोरण्याआधी पूर्ण आकाराचा छापील कागद दगडावर चिकटवून घ्या, समितीतल्या तिघांनी आणि त्या घरांतल्या एकेकानं तो वाचून सही करावी. रफार, अनुस्वार आणि 'ळ' इथं चुका होतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून कधीही कोरायला देऊ नका, आणि संगणकातला मजकूर पाथरवटाच्या फाँटमध्ये उघडल्यावर जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते त्याच्या दुकानात बसून बघा.

खाली चार ओळींची जागा कोरी सोडा. पुढं नावं निघतात.

टप्पा १० : अनावरण आणि त्यानंतर

तारीख आता ठरवा. ११ नोव्हेंबर ही पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची तारीख जगभर पाळतात, पण त्या सुमारास आपल्याकडं ऊसतोड जोरात असते, आणि दिवाळीही जवळपास येते. सुट्टीतला दिवस जास्त सोयीचा. सगळी नावं मोठ्यानं वाचा, भाषणांआधी. वाचायला शाळेतली पोरं चालतील, पण दोनदा तालीम घ्या. सासरी-माहेरी गेलेल्या विधवांच्या पुढच्या पिढ्यांना, म्हणजे दुसऱ्या गावच्या लोकांना, आमंत्रण विसरू नका. पदक बहुधा त्यांच्याकडेच असतं.

वही, फोटो, फेरफाराच्या नकला, हरकतींची वही यांचे तीन संच करा : ग्रामपंचायत, शाळा किंवा वाचनालय, आणि गावाबाहेर राहणारं एखादं जबाबदार घर. आयोगाच्या नोंदीत गावाचं किंवा बापाचं नाव चुकलेलं आढळलं तर कागदाच्या पुराव्यासह त्यांना कळवा, दुरुस्तीची विनंती ते घेतात.

आणि ती खालची कोरी जागा फक्त नव्यानं सापडलेल्या जवानांसाठी आहे, तिथं कोणत्याही कार्यकारिणीची, पाहुण्यांची किंवा देणगीदारांची नावं कोरता येणार नाहीत, हे ठरावातच लिहून ठेवा.